गणवेशातले गवंडी

महायुद्धाच्या गोष्टी आपण वाचतो त्या वैमानिकांच्या, सेनापतींच्या. विमान ज्या धावपट्टीवरून उडाले ती कुणी बांधली, हे सहसा कुणी विचारत नाही. पूल बांधतो गवंडी आणि कोनशिलेवर नाव मंत्र्यांचे, तसलाच हा प्रकार!

पॅसिफिक महासागरात वेक नावाचे एक चिमुकले बेट आहे. डिसेंबर १९४१ मध्ये तेथे अमेरिकी नौदलाचा तळ उभा राहत होता. ठेकेदारांच्या पगारावरचे अकराशेच्या वर कामगार तेथे राबत होते. अचानक जपानी हल्ला झाला. काही कामगारांनी सैनिकांना दारूगोळा पोचवला, काहींनी तोफाही चालवल्या. २३ डिसेंबरला बेट पडले आणि सगळे कैद झाले.

येथे एक विलक्षण पेच होता. गणवेशातला सैनिक पकडला गेला तर तो युद्धकैदी. पण साध्या कपड्यातल्या सुताराने बंदूक उचलली, तर तो युद्धकैदी ठरेलच याची खात्री नाही. शत्रू त्याला सरळ गोळी घालू शकत होता. तेव्हा बांधणाऱ्यालाच सैनिक करायला हवे, असे नौदलाच्या बांधकाम खात्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल बेन मोरील यांनी ठरवले. ५ जानेवारी १९४२ रोजी त्यांना परवानगी मिळाली. नौदलाच्या राखीव दलात बांधकाम पलटणी उभ्या राहिल्या. इंग्रजी आद्याक्षरे ‘सी’ आणि ‘बी’. उच्चार केला की होते समुद्रावरची मधमाशी. त्यावरून ‘सीबीज’ हेच नाव पडले.

भरती झाली ती मुरलेल्या कारागिरांची. सुतार, वेल्डर, सुरुंगवाले, बुलडोझर हाकणारे. सुरुवातीच्या तुकड्यांत सरासरी वय होते सदतीस! सीबीवर हात उगारू नका, तो तुमच्यापैकीच कुणाचा तरी बाप असेल, अशी थट्टा मरीन सैनिकांत चाले.

ग्वाडलकनाल बेटावर त्यांची खरी परीक्षा झाली. १ सप्टेंबर १९४२ रोजी सहावी पलटण तेथे उतरली. धावपट्टीवर रोज बॉम्ब पडायचे आणि ती रोज वापरायची होती. या मंडळींनी मग अस्सल मुकादमी हिशेब मांडला. पाचशे पौंडी बॉम्बच्या खड्ड्याला माती किती लागते? तेवढी वाळू-खडी भरलेले ट्रक पट्टीच्या कडेला आधीच तयार. वर अंथरायच्या भोकांच्या पोलादी फळ्याही मोजून ठेवलेल्या. शंभर माणसे असा एक खड्डा चाळीस मिनिटांत बुजवत. १३ आणि १४ ऑक्टोबरला तर भडिमाराने कहर केला. उतरण्यासाठी विमाने डोक्यावर घिरट्या घालीत होती, फावडी पुरत नव्हती. म्हणून डोक्यावरची शिरस्त्राणे काढून त्यांतून माती वाहिली गेली. त्या दिवसांत जेवण मिळाले नाही, कारण स्वयंपाकीही फळ्या पोचवण्यात गुंतले होते.

महायुद्धात सुमारे सव्वातीन लाख माणसे या दलात होती. एकट्या पॅसिफिकमध्ये त्यांनी १११ मोठ्या धावपट्ट्या आणि ४४१ धक्के बांधले. टिनियन बेटावरचा प्रचंड विमानतळही त्यांचाच. ६ ऑगस्ट १९४५ रोजी तेथूनच एक विमान हिरोशिमाकडे निघाले. त्याच्या पोटात काय आहे, हे धावपट्टी बांधणाऱ्यांना कळण्याचे कारणच नव्हते.

आणि वेकचे ते कामगार? बहुतेकांना चीन-जपानच्या छावण्यांत नेले गेले. अठ्ठ्याण्णव जणांना मात्र तटबंदीच्या कामासाठी बेटावरच ठेवून घेतले होते. ऑक्टोबर १९४३ मध्ये अमेरिकी विमानांनी बेटावर मारा केला. आता आक्रमण येणार या धास्तीने जपानी सेनानीने त्या सर्वांना किनाऱ्यावर नेऊन ठार करण्याचा हुकूम सोडला. एक जण निसटला. लपतछपत त्याने एका प्रवाळी खडकावर अठ्ठ्याण्णव हा आकडा आणि तारीख कोरली. पुढे तोही सापडला आणि मारला गेला. त्याचे नाव आजही निश्चित कळलेले नाही. खडक आहे.