जिभेची आग आणि मनाचा ताण

परीक्षा, कर्जाचा हप्ता, घरातले आजारपण, अशा दिवसांत काहींच्या जिभेवर पांढरट कडेचे लाल, गुळगुळीत चट्टे उठतात. ते जागा बदलतात, तिखट झोंबते. ही ‘जिऑग्राफिक टंग’, म्हणजे नकाशासारखी जीभ. ती संसर्गजन्य नाही, कर्करोगही नाही. ती ताणामुळेच होते असे नाही. पण ताणाने प्रतिकारशक्तीचा तोल बिघडतो, झोप उडते आणि दाह वाढू शकतो.

मात्र भगिनींनो, सगळेच टेन्शनवर ढकलू नका. सबंध जीभ लाल, गुळगुळीत दिसली तर लोह किंवा बी-१२ कमी असू शकते. रक्त तपासून घ्या. एकाच जागची जखम, डाग किंवा गाठ २ आठवडे राहिली, तर ‘ताण गेला की जाईल’ म्हणत थांबू नका. तंबाखू खाणाऱ्यांनी, मिश्री लावणाऱ्यांनी तर मुळीच नाही. डॉक्टरांना जीभ दाखवा.