बंपरवर जादा एलईडी लावताय? आधी हे वाचा

फलटण : उसाचा हंगाम सुरू झाला की साखरवाडी, लोणंद, बारामती, दहिवडी या रस्त्यांवर रात्रभर ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची ये-जा असते. हेडलाइटचा उजेड पुरत नाही म्हणून बरेच ट्रकवाले पुढच्या बंपरवर जादा एलईडी बसवून घेतात. चालकाला त्यामुळं लांबचं दिसतं, हे खरं. पण समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात, त्याचं काय?

ताशी ६० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एका सेकंदात साधारण १७ मीटर पुढं जाते. झोत डोळ्यांवर पडून ३ सेकंद अंधारी आली, तर दुचाकीवाला ५० मीटर न बघताच जातो. तेवढ्यात पुढं रिफ्लेक्टर नसलेली उसाची बैलगाडी असली तर काय होईल, ते सांगायला नको.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार परवानगीशिवाय पुढच्या बाजूला स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. पुढं लाल दिवा चालत नाही. समोर ८ मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे दिपतील असा झोत नको. २०१९ च्या कायदा दुरुस्तीनंतर गाडीत बेकायदा बदल केल्यास मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागं ५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळं दिवे विकत घेण्याआधी आरटीओ कार्यालयात विचारून घ्यावं.

वायरिंग कसं असावं?

मोठ्या ट्रकला २४ व्होल्ट, तर पिकअपला १२ व्होल्टची बॅटरी असते. दिवा त्याच व्होल्टचा घ्यावा. ४० वॅटचे दोन दिवे २४ व्होल्टवर सव्वातीन ते साडेतीन अँपिअर करंट ओढतात, १२ व्होल्टवर त्याच्या दुप्पट. हेडलाइटच्या वायरीलाच जोड मारला, तर वायर तापते, इन्सुलेशन वितळतं आणि आग लागू शकते. म्हणून बॅटरीपासून वेगळी जाड वायर घ्यावी, बॅटरीजवळच फ्यूज टाकावा आणि मध्ये रिले बसवावा. अर्थिंगची वायर चेसिसला रंग खरवडून घट्ट बसवावी. रिलेचं कनेक्शन अप्परला दिलं की डिपर मारताच जादा दिवे आपोआप बंद होतात. हे काम वायरमनकडून आवर्जून करून घ्यावं.

झोत कसा लावायचा?

सपाट जागेवर भिंतीपासून ८ मीटरवर गाडी उभी करावी. दिव्याच्या मध्यभागाची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्याच उंचीवर खडूनं रेघ मारावी. झोताची वरची कड त्या रेघेच्या चार बोटं खाली पडली पाहिजे. ऊस भरल्यावर मागची बाजू बसते आणि पुढचा झोत वर जातो. म्हणून ही तपासणी भरलेल्या गाडीवरच करावी.

पैसे घालण्याआधी एवढं बघा

हेडलाइटची काच पिवळी पडली आहे का, आतला रिफ्लेक्टर गंजला आहे का, अर्थिंग सैल आहे का, हे आधी बघावं. बऱ्याचदा तेवढ्या दुरुस्तीनंच उजेड वाढतो. ट्रॉलीच्या आणि बैलगाडीच्या मागं रिफ्लेक्टर लावायला खर्च त्याहून कमी येतो.

दिवे बसवलेच, तर रात्री गाडी चालू ठेवून २५ फुटांवर दुचाकीवर बसून समोर बघावं. स्वतःचे डोळे मिटले, तर दुसऱ्याचेही मिटणारच.