कात्री सगळ्यात शेवटी

शिंदखेड्याहून दोंडाईचामार्गे शहाद्याच्या रस्त्याला लागलं, की तापीचा पूल ओलांडल्यावर सारंगखेडा येतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. तोवर हे गाव धुळे जिल्ह्यातच होतं. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला, इथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी, सिंधी, पांढरेशुभ्र नुकरा असे घोडे लांबलांबून येतात. घेणारा माणूस दात बघतो, भोवरे तपासतो, चाल पाहण्यासाठी घोडा फिरवायला लावतो. पण त्याआधीच त्याची नजर आयाळीवरून शेपटीपर्यंत एकदा फिरलेली असते.

म्हणूनच यात्रा तोंडावर आली की घोडेवाल्याला आयाळ-शेपटीची आठवण होते. घाईत कंगवा चालतो, गुंता सुटला नाही की कात्री चालते आणि वर्षभर जपलेलं एका दुपारी जातं. हे काम मुळात केस कापण्याचं नाहीच, केस राखण्याचं आहे. कात्रीची पाळी शेवटी येते, आणि तीही थोडीच.

घोड्याच्या अंगावरचे केस ऋतूप्रमाणे बदलतात. दिवस लहान होऊ लागले की हिवाळी दाट केस येतात, दिवस मोठे होऊ लागले की ते झडतात. आयाळ आणि शेपटीचं तसं नाही. हे लांब केस वर्षानुवर्षं वाढत राहतात, महिन्याला साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर. शेपटीचा एक केस पाऊण मीटर लांब असेल तर त्यामागे तीन वर्षांच्या आसपासची वाढ असते. कंगव्याच्या एका हिसक्यात तो मधून तुटला, तर पुढच्या यात्रेपर्यंत काही तो भरून येत नाही. ज्या घोड्याची शेपूट टोकाकडे विरळ, दोऱ्यासारखी दिसते, तिथे बहुतेक वेळा केस कमी उगवलेले नसतात, ते तुटलेले असतात.

शिवाय हे केस घोड्याच्या कामाचे आहेत. कपाळावर रुळणारी बट डोळ्यांवरच्या माशा हलवते, आयाळ मानेला ऊन-पावसापासून थोडा आडोसा देते. बांधलेल्या घोड्याला माशा आणि डास हाकायला शेपटीशिवाय काहीच नसतं. शेपूट आखूड केलेला घोडा उन्हाळाभर पाय आपटत उभा राहतो, ते बघवत नाही.

कामाला सुरुवात उभं राहण्यापासून होते. घोडा अगाडी-पिछाडीने बांधलेला असला तरी थेट मागे उभं राहू नये. बाजूने जावं, पाठीवर हात ठेवावा, तो न उचलता पुठ्ठ्यावरून शेपटीच्या मुळापर्यंत न्यावा आणि मग शेपूट हलकेच आपल्याकडे ओढून घ्यावी. हात कुठून येतोय हे घोड्याला कळलं पाहिजे. नव्या शिंगराला ही सवय रोज थोडी थोडी लावावी लागते, यात्रेच्या आदल्या दिवशी ती लागत नाही.

पहिलं हत्यार म्हणजे बोटं. केस कोरडे असताना बोटांनीच वेगळे करायचे. रानात चरून आलेल्या घोड्याच्या शेपटीत सराट्याची काटेरी फळं आणि कुसळं अडकलेली असतात. तिथे थोडं खोबरेल लावावं, बोटांनी चोळावं आणि काट्यातून एकेक केस सोडवत जावं. काटा धरून ओढला तर त्याबरोबर केसांचा पुंजका येतो. खरारा मात्र इथे कधीच वापरू नये. त्याचे दाते अंगावरच्या मांसल भागासाठी, मळ आणि सुटलेले केस उकरण्यासाठी असतात. लांब केस त्यात अडकतात आणि तुटतात.

मग धुणं. मार्गशीर्षातली खानदेशची थंडी ध्यानात घ्यावी. धुळ्याचा पारा या दिवसांत दहा अंशांखाली उतरतो, तेव्हा ऊन चांगलं तापल्यावरच पाणी घ्यावं, वाऱ्याच्या आडोशाला. शेपूट धुण्याची सोपी रीत म्हणजे बादली वर धरून केस तिच्यात बुडवणं. मुळाशी, शेपटीच्या मांसल दांड्यावर, बोटांच्या पेरांनी चोळावं, कारण मळ आणि कोंडा तिथे साचतो. रिठ्याचं पाणी चालतं, सौम्य शाम्पूही चालतो, मात्र दोन्ही डोळ्यांपासून लांब ठेवावेत. धुण्यापेक्षा खंगाळणं महत्त्वाचं. फेस मुळाशी राहिला की कातडी खाजते, घोडा खुंटाला किंवा भिंतीला घासू लागतो, आणि आपण ज्यासाठी धुतलं तेच केस जातात.

ओले चिंब केस ताणले जातात, म्हणून निथळून अर्धवट वाळल्यावरच कंगवा घ्यावा. कंगवा रुंद दात्यांचा हवा. केसांची एक बट मुठीत वरच्या बाजूला घट्ट धरायची, म्हणजे ओढ मुळाला लागत नाही, आणि टोकाकडचे चार बोटं केस आधी सोडवायचे. ते सुटले की थोडं वर, मग आणखी वर. मुळाकडून खाली कंगवा ओढला की सगळे गुंते खाली ढकलले जाऊन एक घट्ट गाठ होते, आणि मग माणूस कात्री शोधतो. रोज बोटं आणि आठवड्यातून एकदा कंगवा, एवढं पुरे. तेल लावायचं तर घरी, कामाच्या दिवसांत. यात्रेच्या मैदानात धूळ उडते आणि तेलकट केसांवर तिचा थर बसतो.

आता कात्री. आयाळीला आडवी सरळ कात्री मारली की ती कापलेल्या फळीसारखी दिसते आणि मान जाड, आखूड वाटू लागते. कात्री उभी धरावी, टोकं वर करून, आणि फक्त शेवटाचे केस थोडेथोडे टिपावेत. दोन-चार टिपण्या झाल्या की मागे सरकून बघावं. आयाळ फार दाट असेल तर काही जण आतले केस कंगव्याला गुंडाळून मुळापासून उपटतात. ही पद्धत परदेशी तबेल्यांत जुनी आहे. माझ्या मते ती टाळावी. घोडा मान झटकतो, कान मागे टाकतो, ते उगीच नाही. विरळ करणारी दातेरी कात्री आतल्या थरावर वापरली तरी तेच साधतं.

कानांमागे, जिथून लगामाचा पट्टा जातो, तिथे दोन-तीन बोटं रुंदीची पट्टी मोकळी केली तर पट्टा नीट बसतो. ती त्याहून लांब नेऊ नये. चुकून लांबली तर तिथे उगवणारे केस कित्येक महिने उभेच राहतात. पूर्ण आयाळ भादरण्याला एक खरं कारण पोलोच्या मैदानावर आहे. तिथे लगामाच्या आणि काठीच्या आड केस येऊ नयेत म्हणून ती काढतात आणि शेपूट गुंडाळून बांधतात. शिंगराची आयाळ भादरली की पुढे दाट येते, असं बरेच जण मानतात. केसांची मुळं कातडीत जेवढी आहेत तेवढीच राहतात, वस्तऱ्याने ती वाढत नाहीत. शिंगराचे उभे, मऊ केस वयाबरोबर आपोआप लांबतात आणि मानेवर लवतात.

शेपटीचं टोक सारखं करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते. उभा घोडा शेपूट खाली सोडतो, चालताना ती उचलतो. उभ्या घोड्याची शेपूट नेमकी मापात कापली की चालताना ती हातभर आखूड दिसते. म्हणून दुसऱ्या माणसाने शेपटीच्या दांड्याखाली हात घालून, चालताना ती जेवढी उचलली जाते तेवढी वर धरावी, आणि मग फक्त विरलेली टोकं कापावीत. खालचा शेवट खुरांच्या वरच राहावा, नाहीतर मागे सरताना घोडा स्वतःच्याच शेपटीवर पाय देतो आणि केस उपटले जातात. शेपटीचा दांडाच छाटणं ही मात्र निव्वळ क्रूरता आहे. जनावराचा अवयव असा छाटणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

केस विंचरणारा हात रोगही आधी ओळखतो. शेपटीच्या मुळाशी केस घासून तुटलेले, उभे ताठ दिसले तर शेपटीखाली बघावं. एक जंत तिथे, गुदद्वाराभोवती, चिकट अंडी घालतो आणि त्या खाजेने घोडा घासत राहतो. यावर उपाय जंताचं औषध आहे, तेल नव्हे. आयाळ आणि शेपूट दोन्ही पावसाळ्याच्या आसपास घासली जात असतील तर संशय बारीक चावऱ्या चिलटांवर घ्यावा. ती ओल्या चिखलात वाढतात, पहाटे आणि सांजवेळी चावतात, आणि काही घोड्यांना त्यांच्या लाळेची ॲलर्जी असते. अशा घोड्याला तापीकाठच्या ओलीत सांजवेळी बाहेर बांधू नये, आत पंख्याच्या वाऱ्यात ठेवावं.

घासल्याच्या खुणा नाहीत, कातडी स्वच्छ आहे, तरी लांब केस मुठीमुठीने गळताहेत, असं झालं तर आधी चारा तपासावा. बांधावरचा सुबाभूळ शेळ्यांना घालतात तसा घोड्यालाही घातला जातो. त्याच्या पानांत आणि बियांत मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याचा घोड्यावर पहिला दिसणारा परिणाम म्हणजे आयाळ-शेपूट गळणं. सुबाभूळ बंद केला की केस पुन्हा येतात, फक्त वर सांगितलेल्या संथ गतीने. गोल, खवलेदार चट्टे दिसले तर तो बहुधा गजकर्ण. तो एकाच कंगव्यातून साऱ्या तबेल्यात आणि घोड्यावरून माणसाच्या हातावरही जातो. यात्रेत शेजारच्या दावणीवरून कंगवा मागून घेऊ नये, आपलाही देऊ नये. असा नकार देणं जड जातं, पण द्यावा.

विकत घेणाऱ्यालाही हे उपयोगी पडतं. आयाळ उचलून खालची कातडी बघावी, शेपूट उचलून मूळ बघावं. काळ्या कलपाने रंगवलेली आयाळ मुळाशी वेगळा रंग दाखवते. कलपातल्या रसायनाने कातडी भाजल्यासारखी होऊ शकते, हे विकणाऱ्यानेही लक्षात ठेवावं.

ओठांवरच्या आणि डोळ्यांभोवतीच्या लांब, ताठ मिशा मात्र सोडून द्याव्यात. घोड्याला स्वतःच्या तोंडाखालचं दिसत नाही, तिथे तो या मिशांनी चाचपतो. तोबऱ्यातलं धान्य, गव्हाणीची कड, जमिनीवरचा काटा त्याला त्यांच्यामुळे कळतो. कानातले केस धूळ आणि किडे अडवतात. १ जुलै २०२१ पासून आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने आपल्या स्पर्धांत या मिशा कापलेल्या घोड्यांना मज्जाव केला आहे. सारंगखेड्यातही तोंड 'साफ' दिसावं म्हणून वस्तरा फिरवण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं पुरेसं आहे.

राहिला साज. वेण्या, गोंडे, रंगीत फिती घोड्याला शोभतात आणि खानदेशात त्यांची हौसही आहे. वेणी मुळाशी सैल सुरू करावी. गळ्याखाली हात घातल्यावर घोडा मान सहज खाली नेतो का, ते बघावं. नेत नसेल तर वेण्या ओढताहेत. शेपटीच्या दांड्यावर घट्ट पट्टी गुंडाळली तर रक्त अडतं, तिथले केस पांढरे उगवतात किंवा गळतात, फार वेळ राहिली तर कातडीही मरते. लग्नसराईत वरातीची घोडी मध्यरात्री परत येते, सगळे दमलेले असतात आणि रबर, फिती तशाच राहतात. दाणा-पाणी देण्याआधी त्या सोडाव्यात, रबर ओढून न काढता कापून काढावं, आणि केसांच्या मुळाशी बोटांनी दोन मिनिटं चोळून मगच घोडीला मोकळं सोडावं.