उभ्या शिवणीचे छप्पर

पत्र्याच्या छपराची गळती बहुधा पत्र्यातून सुरू होत नाही, तर पत्रा रिपांना जखडण्यासाठी त्यात पाडलेल्या छिद्रांतून सुरू होते. स्क्रूखालचा रबरी वायसर उन्हाने कडक होतो, पत्रा दिवसा प्रसरण पावून रात्री आकसतो, आणि अशा हालचालींनी छिद्र सैल होत गेले की पाणी आत शिरते. उभ्या शिवणीच्या म्हणजेच ‘स्टँडिंग सीम’ छपराच्या रचनेत हे छिद्रच टाळलेले असते. आढ्यापासून वळचणीपर्यंत धातूच्या लांब, अरुंद पट्ट्या अंथरून त्यांच्या कडा साधारणपणे २५ ते ५० मिलिमीटर वर उभ्या केल्या जातात आणि शेजारशेजारच्या दोन कडा एकमेकींत दुमडून जी शिवण तयार होते, ती पाण्याच्या वाहत्या पातळीच्या वर राहते. पट्टीला धरून ठेवणारी क्लिप त्या दुमडीतच दडलेली असते.

ही पद्धत नवी नाही: पॅरिसमधील जस्ताची राखाडी छपरे एकोणिसाव्या शतकातील नगररचनेबरोबर पसरली; तेथे उभ्या दुमडीप्रमाणेच लाकडी पट्टीवर धातूचे टोपण चढवण्याचीही रीत आहे, आणि ही छपरे बसवणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याची युनेस्कोने २०२४ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

धातूला हलण्याची मुभा देणे हा उभ्या शिवणीच्या रचनेचा गाभा होय. तापमानात ५० अंशांचा फरक पडला, तर १० मीटर लांबीची पोलादी पट्टी सुमारे ६ मिलिमीटर, तर अॅल्युमिनियमची सुमारे १२ मिलिमीटर लांब होते. म्हणून पट्टी एकाच ठिकाणी पक्की बसवून इतरत्र सरकत्या क्लिपांनी धरली जाते. घाईत दोन्ही टोके जखडली गेली, तर वाढलेली लांबी सामावण्यास जागा उरत नाही आणि पट्टी फुगते किंवा जोडाशी फाटते. घरमालक सहसा रंगाची निवड आधी करतो, परंतु पट्टी कोठे पक्की आणि कोठे सुटी राहणार, हा प्रश्न त्याने कारागिराला त्याआधी विचारला पाहिजे.

शिवण बंद करण्याच्या दोन मुख्य रीती आहेत. खटका बसवून मिटणारी शिवण लावण्यास सोपी असते, मात्र उत्पादक तिच्यासाठी सर्वसाधारणपणे १२ फुटांना ३ फूट इतका तरी उतार मागतात. यंत्राने दोनदा दुमडलेली शिवण त्याहून बऱ्याच कमी उतारावरही टिकते आणि वाऱ्याच्या ओढीपुढेही अधिक तग धरते. कोकणात उतार पुरेसा असला, तरी ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने असंख्य घरांची छपरे उडवली, हे विसरून चालणार नाही. वाऱ्याची ओढ कोपऱ्यांत आणि कडांवर सर्वाधिक असते, म्हणून तेथे क्लिपा अधिक जवळजवळ लागतात.

धातूची निवड हवेवर अवलंबून असते. ५५ टक्के अॅल्युमिनियम, सुमारे ४३.४ टक्के जस्त आणि १.६ टक्के सिलिकॉन यांचा मुलामा दिलेले पोलाद देशावरील कोरड्या हवेत उत्तम ठरते. खाऱ्या वाऱ्याच्या टप्प्यात मात्र अॅल्युमिनियम घेणे शहाणपणाचे, कारण पोलादाच्या कापलेल्या कडांना तेथे गंज लवकर चढतो. तांब्यावरून वाहून आलेले पाणी या दोन्हींना खाते, तर ओल्या सिमेंटचे शिंतोडे अॅल्युमिनियम आणि जस्त यांवर डाग पाडतात. जाडी गेजमध्ये सांगितली जाते आणि तेथे आकडा लहान तितका पत्रा जाड असतो, त्यामुळे २४ गेजचा पत्रा २६ गेजपेक्षा भक्कम असतो. सपाट भागावर दिसणारी लाटांसारखी हलकी ऊठबस बहुतेकदा दोष नसते; पट्टीच्या मध्यभागी बारीक उभ्या रेघा उमटवून घेतल्या की ती कमी जाणवते.

पावसाच्या आवाजाची भीती फळ्यांच्या किंवा प्लायवूडच्या सलग पाटणीवर, मध्ये अस्तर घालून, पट्ट्या बसवल्यास बरीच ओसरते. सौर पॅनेलही शिवणीलाच पकडीने धरता येतात, म्हणजे पुन्हा भोक पाडावे लागत नाही. दुरुस्तीत मात्र कौलाचीच सरशी आहे: फुटलेले मंगलोरी कौल काढून दुसरे सरकवता येते, तर दुहेरी दुमडलेल्या छपरातील एक पट्टी बदलायची झाली की तिच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उलगडाव्या लागतात, आणि ज्या घरावर नारळाचे झाड ओणवले आहे, त्या घराच्या मालकाने हा खर्च आधीच हिशेबात धरावा.