राखणीच्या कुत्र्याचीं पिलें : पहिले बारा आठवडे

मळ्यावर राखणीस कुत्रा असावा याविषयीं शेतकऱ्यांत दुमत नाहीं. परंतु चांगला कुत्रा तयार कसा होतो याचा विचार फारसा कोणी करीत नाहीं. वासराच्या संगोपनांत दक्ष असणारा शेतकरीही कुत्री व्याली म्हणजे ‘जगतील तीं जगतील’ असें म्हणून स्वस्थ बसतो. या उदासीनतेचें फळ आम्हांस एकदां भोगावें लागलें, तें प्रथम सांगतों.

आमच्या कुत्रीस एका वेतांत पांच पिलें झालीं. दोन शेजाऱ्यांनीं नेलीं, दोन आमच्या ओटीवर मुलामाणसांत वाढलीं. पांचवें मात्र ‘कडक राखणदार व्हावा’ म्हणून आम्हीं कडब्याच्या खोपटांत, परक्याची दृष्टि पडूं न देतां वाढविलें व पुढें साखळीस बांधलें. कुत्रा दिसण्यांत भरदार झाला. पण सुगीच्या दिवसांत साखळी तुटतांच त्यानें मजुराच्या सहा वर्षांच्या मुलीच्या दंडाचा लचका तोडला. तिला लागलीच लस टोंचविली व ती बरी झाली. व्रण मात्र जन्माचा राहिला. तो कुत्रा माजोरी नव्हता, भ्यालेला होता, हें आम्हांस फार उशिरां उमगलें. ओटीवरील दोघांनीं चोरावर भुंकण्यांत कधीं कसूर केली नाहीं आणि मुलांस कधीं दांत लावला नाहीं.

पहिले दोन आठवडे

कुत्रीचा गर्भकाल सुमारें ६३ दिवसांचा असतो. विण्यापूर्वीं आठवडाभर तिला कोरडी, आडोशाची व रहदारीपासून दूर अशी जागा द्यावी आणि खालीं धुतां येईल असें गोणपाट अंथरावें. पिलें जन्मतः आंधळीं व बहिरीं असतात आणि त्यांस अंगची ऊब राखतां येत नाहीं. म्हणून पहिल्या आठवड्यांत त्या जागेची उष्णता २९ ते ३२ अंश सेल्सिअस असावी. थंडीच्या रात्रीं कोमट पाण्याची बाटली फडक्यांत गुंडाळून एका बाजूस ठेवावी, म्हणजे उकडल्यास पिलूं दूर सरकूं शकतें.

वासरास चीक जितका आवश्यक तितकाच तो पिलांसही आवश्यक आहे. पहिल्याच दिवशीं प्रत्येक पिलूं आंचळास लागलें कीं नाहीं हें पाहावें. पिलें रोज तागडींत घालून वजन टिपून ठेवावें. आठ ते दहा दिवसांत जन्माचें वजन दुप्पट व्हावें. जें पिलूं वाढत नाहीं किंवा घटतें, तें आजारी आहे असें समजावें. डोळे दहा ते चौदा दिवसांनीं आपोआप उघडतात, ते बोटांनीं उघडूं नयेत. कान तिसऱ्या आठवड्यांत ऐकूं लागतात.

तिसऱ्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत

कुत्र्याच्या स्वभावाचा पाया या काळांत घातला जातो. अमेरिकेंत बार हार्बर येथील प्रयोगशाळेंत फ्रीडमन, किंग व इलियट या शास्त्रज्ञांनीं पिलें कुंपण घातलेल्या शेतांत माणसापासून दूर वाढविलीं आणि निरनिराळ्या वयांत एकेक आठवडा माणसाळविलीं. त्यांचा वृत्तांत १९६१ सालीं प्रसिद्ध झाला. पांच ते नऊ आठवड्यांच्या वयांत ज्यांस माणसाचा सहवास मिळाला तीं मायाळू झालीं. परंतु चौदा आठवड्यांपर्यंत ज्यांस तो मुळींच मिळाला नाहीं तीं रानटीच राहिलीं. आमच्या खोपटांत हाच प्रयोग आम्हीं अजाणतां केला होता.

यास्तव या काळांत पिलांस पुढें ज्यांत वावरावयाचें त्या सर्वांची ओळख करून द्यावी. घरचीं माणसें, मजूर, पागोटेवाला म्हातारा, काठी टेकणारी आजी, छत्री घेतलेला पाहुणा, सर्वांनीं पिलूं हातीं घ्यावें व घांसभर खाऊं घालावें. मुलांनीं खालीं बसून, वडील माणसांच्या देखरेखीखालीं त्यास हाताळावें. बैल, शेळ्या व कोंबड्या दाखवाव्या, पण पाठलाग करूं देऊं नये. आज गंमत वाटणारी ही खोड उद्यां नुकसानीची होते. पंपाचा व मळणीयंत्राचा आवाज प्रथम दुरून ऐकवावा व रोज थोडें जवळ न्यावें. पिलूं शेंपूट घालून मागें सरलें तर ओढूं नये. अंतर वाढवून पुन्हा आरंभ करावा. दिवसांतून दोनतीन वेळां पांच पांच मिनिटें पुरेत.

आठ आठवडे पुरे होईपर्यंत पिलूं आईपासून तोडूं नये. खेळांत जोरानें चावलें कीं भावंड ओरडतें व खेळ मोडतें. दांत किती लावावा हें पिलूं येथेंच शिकतें.

आहार

तिसऱ्याचौथ्या आठवड्यापासून दुधांत कुसकरलेली मऊ भाकरी, शिजविलेलें अंडें व मऊ भात थोडाथोडा द्यावा. नुसत्या भाकरीताकावर पिलूं पोसत नाहीं. त्यास अंडीं, मांस, मासळी यांपैकीं कांहीं हवेंच. कांदा, लसूण व द्राक्षें कुत्र्यास विषारी आहेत, हें द्राक्षबागाईतदारांनीं विशेष ध्यानांत ठेवावें. शेळ्यामेंढ्यांचें कच्चें आंतडें, यकृत वा फुप्फुस कधीं टाकूं नये. त्यांतून कुत्र्याच्या पोटीं जो बारीक पट्टकृमि वाढतो त्याच्या अंड्यांनीं माणसाच्या यकृतांत पाण्याच्या गांठी होतात.

जंत व लस

जंत पिलास आईच्या पोटांतूनच व दुधावाटे येतात आणि मुलांसही बाधतात. म्हणून दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या व आठव्या आठवड्यांत पशुवैद्याच्या सल्ल्यानें वजनाप्रमाणें औषध द्यावें. डिस्टेंपर व पार्व्हो यांची लस सहाव्या ते आठव्या आठवड्यांत सुरू करून तीनचार आठवड्यांच्या अंतरानें सोळाव्या आठवड्यापर्यंत द्यावी. ती पुरी होईपर्यंत पिलूं बाजारांत भटक्या कुत्र्यांच्या विष्ठेंत सोडूं नये, कडेवर घेऊन हिंडवावें. रोगाच्या भयानें कोंडून मात्र ठेवूं नये.

पिसाळरोगाची लस तीन महिन्यांच्या वयांत व पुढें पशुवैद्य सांगेल त्याप्रमाणें नियमानें टोंचावी. रोगाचीं लक्षणें दिसल्यावर माणूस जवळजवळ कधींच वांचत नाहीं. कोणतेंही कुत्रें चावलें तरी जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. हळद, चुना वा तिखट भरण्यांत वेळ दवडूं नये.

उरलेलीं पिलें

जितकीं पिलें नीट पोसतां येतील तितकींच ठेवावीं; बाकीचीं ओळखीच्या घरीं द्यावीं आणि कुत्रीची नसबंदी करून घ्यावी. नको असलेलीं पिलें गांवाबाहेर सोडणें क्रौर्याचें तर आहेच, पण १९६० च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्यान्वयें गुन्हाही आहे. जुन्नर, अकोलें इकडील ऊंसाच्या पट्ट्यांत बिबट्याचें भय असल्यामुळें कुत्री व पिलें रात्रीं बंद दाराआड घ्यावीं.

राखणीचा गुण कुत्र्याच्या अंगीं उपजत असतो. तो आणण्यासाठीं त्यास अंधारांत वाढवावें लागत नाहीं. आपलें कोण व परकें कोण हें कळण्यास त्यानें आधीं पुष्कळ माणसें पाहिलेलीं असावीं लागतात. त्या मजुराची मुलगी आतां मोठी झाली आहे व अद्याप आमच्या मळ्यावर येते. परंतु कुत्रें दिसतांच तिचा हात अजूनही दंडाकडे जातो.