सपाट कागदातून जास्वंद

हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा माणच्या शिवारात येतो, आणि इथून भोसरी-चाकणपर्यंत कारखान्यांचा पट्टा पसरलेला आहे. या पट्ट्यातून बाहेर पडणारा माल, मग तो गाडीचा आरसा असो की बेअरिंग, बहुतेक वेळा पुठ्ठ्याच्या खोक्यात बसूनच निघतो. ते खोकं ज्या रीतीने कापलं जातं, त्याच रीतीने कागदाची पाकळीही कापता येते. फरक पुढे पडतो. खोक्याला सरळ घड्या पुरतात, पाकळीला खोलगटपणा लागतो. हा खोलगटपणा सपाट कागदात आणायचा कसा, हे एकदा उमगलं की कुठलंही फूल करता येतं. आपण इथे जास्वंद करू. पाच पाकळ्या, मधोमध लांब दांडा आणि गणपतीला हक्काची जागा, म्हणून.

आधी कापणी. खोक्यांच्या कामात तिला डाय-पंचिंग म्हणतात. प्लायवुडच्या फळीत आकाराप्रमाणे बारीक खाचा पाडतात, हल्ली बहुधा लेझरने. त्या खाचांत पोलादाच्या धारदार पट्ट्या वाकवून ठोकून बसवतात. पट्टीची जाडी जेमतेम ०.७ मिलिमीटर आणि उंची सुमारे २३.८ मिलिमीटर असते. जिथे कापायचं तिथे धारेची पट्टी, जिथे घडी हवी तिथे बोथट आणि किंचित बुटकी क्रीजिंगची पट्टी. धारेच्या दोन्ही बाजूंना रबराचे तुकडे चिकटवलेले असतात. दाब आला की ते दबतात, दाब सुटला की फुगतात आणि कागदाला धारेवरून वर ढकलतात. रबर नसेल तर कापलेला तुकडा पट्ट्यांमध्येच अडकून बसतो. धारेला मध्ये मध्ये अगदी छोट्या खाचाही पाडलेल्या असतात, त्यांना निक म्हणतात. तेवढ्या जागी कागद तुटत नाही, त्यामुळे पूर्ण शीट एकसंध राहते आणि तुकडे नंतर हाताने मोकळे करता येतात.

एकाच दाबात कापणं आणि घडी पाडणं, दोन्ही उरकायची ही युक्ती रॉबर्ट गेअर यांच्या न्यूयॉर्कमधल्या कारखान्यात १८७९ साली सुचली. कागदी पिशव्यांवर घडीची रेघ उमटवणारी एक पट्टी चुकून जास्त उंच बसली आणि तिने पिशव्या कापून टाकल्या. वाया गेलेल्या मालाकडे पाहताना गेअर यांच्या लक्षात आलं की उंचसखल पट्ट्या एकत्र लावल्या तर एका फटक्यात घडीचं खोकं तयार होईल. आज चाकणला जाणाऱ्या ट्रकमधलं प्रत्येक सपाट खोकं त्या निरीक्षणाचं देणं लागतं.

घरच्या कामाला एवढा पसारा लागत नाही. हस्तकलेच्या दुकानांत मिळणारी डाय म्हणजे पातळ धातूचा कोरलेला साचा असतो. एका बाजूची कड उंच आणि धारदार, दुसरी बाजू सपाट. सोबत दोन रुळांचं, हाताने फिरवायचं छोटं यंत्र लागतं. खाली जाड पाट, त्यावर पारदर्शक कापणीची पट्टी, तिच्यावर कागद, कागदावर धार खाली करून डाय आणि सगळ्यांवर आणखी एक पट्टी, असा थर रुळांमधून सरकवायचा. थरांचा क्रम यंत्रागणिक थोडा बदलतो, म्हणून सोबतचं पत्रक पाहून घ्यावं. डाय रुळाला समांतर न ठेवता थोडी तिरकी ठेवावी, म्हणजे पाकळीची पूर्ण कड एकाच क्षणी रुळाखाली येत नाही, दाब विभागला जातो आणि कापणी स्वच्छ होते. कुठे कागद सुटला नाही तर पट्ट्या न हलवता आणखी एक फेरी द्यावी. नक्षीदार डायमध्ये कागद अडकतो, तेव्हा मध्ये बटर पेपरचा तुकडा घालावा. वापरून वापरून पट्ट्या एका बाजूला वाकतात, म्हणून दर वेळी त्या उलटवाव्यात.

शाळेच्या किंवा मंडळाच्या सजावटीसाठी शेकड्याने पाकळ्या हव्या असतील तर मात्र हे यंत्र फिरवत बसू नये. पुण्याच्या पेठांत लग्नपत्रिका आणि पाकिटं पंच करून देणारे आहेत, त्यांच्याकडून पोलादी पट्टीची डाय बनवून घ्यावी. पाकळीची लाटेसारखी कड फार बारीक ठेवू नये, कारण पट्टी एका मर्यादेपेक्षा लहान वळण घेत नाही. लाट नंतर बोटांनीच चांगली येते.

इथे यंत्राचं काम संपतं. माझं स्पष्ट मत आहे की या छंदात पैसे यंत्रावर कमी आणि कागदावर जास्त खर्च करावेत. फूल घडतं ते कागदात.

एक साधा प्रयोग करून पाहा. ए-फोरचा कागद एका टोकाला धरला की दुसरं टोक खाली लोंबतं. धरलेल्या टोकाशी त्याला अंगठ्याने हलकीशी पन्हळ द्या, तोच कागद ताठ उभा राहतो. कारण सपाट कागद एका दिशेने वाकला की दुसऱ्या दिशेने वाकायला नकार देतो. दोन्हीकडे वाकवायचा झाला तर तो ताणावा लागतो, चुरगळावा लागतो किंवा चिरावा लागतो. यामागचं गणित गाउसने १८२७ मध्ये मांडलं. खऱ्या पाकळीला ही अडचण येत नाही, कारण ती वाढते. तिची कड मधल्या भागापेक्षा जास्त वाढली की ती आपोआप लाटांत उमलते, मधला भाग जास्त वाढला की वाटीसारखी होते. कागद वाढू शकत नाही, म्हणून वाढीची नक्कल आपल्याला करावी लागते, कधी चीर देऊन तर कधी ताण देऊन.

ताण घेऊ शकेल असा कागद हवा. गुळगुळीत लेप दिलेलं आर्ट कार्ड यासाठी निरुपयोगी आहे. त्यावर पाणी टिकत नाही, वाकवलं की लेप तडकतो आणि कापलेल्या कडेला पांढरा गाभा दिसतो. आरपार रंग असलेला, लेप नसलेला १२० ते १६० जीएसएमचा कागद घ्यावा. त्याहून उत्तम म्हणजे सुती चिंध्यांपासून केलेला हातकागद. शिवाजीनगरची हातकागद संस्था गांधीजींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी १९४० साली उभी केली, तिथला कागद या कामाला फार चांगला. कापसाचे तंतू लांब असतात, त्यामुळे ओला कागद ताणला तरी सहज फाटत नाही. माणपासून शिवाजीनगरपर्यंत आखलेल्या मेट्रोच्या दुसऱ्या टोकाशीच ही संस्था आहे, ही माणच्या हौशी मंडळींच्या सोयीची गोष्ट.

कागद म्हणजे एकमेकांत गुंतलेले सेल्युलोजचे तंतू. त्यांना धरून ठेवणारे बंध पाण्याने सैल होतात आणि वाळताना नव्या जागी पुन्हा घट्ट होतात. आपली सगळी कारागिरी या दोन अवस्थांच्या मधल्या काही मिनिटांत उरकायची असते. गिरणीच्या कागदात तंतू बहुतेक एकाच दिशेने पडलेले असतात, कारण लगदा वेगाने पुढे सरकणाऱ्या जाळीवर पसरतो. ही दिशा ओळखायला कागद दोन्हीकडून हलका वाकवून पाहावा. ज्या वाकण्याला कमी जोर लागतो, त्या वळणाच्या रेषेत तंतू आहेत. जास्वंदीच्या पाकळीसाठी डाय अशी ठेवावी की तंतू देठाकडून टोकाकडे जातील. मग पाकळी लांबीला ताठ राहते आणि दोन्ही बाजूंनी सहज आत वळते. हातकागदात ही दिशा फारशी ठळक नसते, त्यामुळे तिथे इतकं जपावं लागत नाही.

आता शाई. बाजारात मुख्यतः दोन प्रकार मिळतात. एकीत रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला असतो, तो तंतूंच्या आत शिरतो आणि पाणी मारलं की पसरतो. दुसरीत रंगाचे बारीक कण असतात, ते वर बसतात, सहसा पसरत नाहीत आणि उन्हात जास्त टिकतात. फुलाला पहिली हवी, कारण पाकळीत रंग एकसारखा नसतो, तो घशाकडून कडेकडे विरत जातो. महागडे शाईचे पॅड मिळतात, पण शिक्षक वह्या तपासतात ती पेनातली लाल शाईही याच जातीची आहे. कॅमलिनची सुरुवात दांडेकर बंधूंनी १९३१ साली शाईपासूनच केली होती, आणि आजही स्टेशनरीच्या साध्या दुकानातली शाईची बाटली एका मोसमाच्या जास्वंदींना पुरते. दोष एकच, सूर्यप्रकाशात हा रंग उडतो. खिडकीत ठेवायचं फूल असेल तर शेवटचा हात कणांच्या शाईचा द्यावा.

पाकळी फिकट लाल कागदाची कापावी आणि स्पंजच्या तुकड्याने कोरडीच रंगवायला घ्यावी. देठाकडच्या तिसऱ्या हिश्शात गडद किरमिजी शाई गोल गोल फिरवत लावायची, बाहेर येताना हात हलका करायचा. मग पूर्ण पाकळीवर लाल. शेवटी पाकळीची कड शाईच्या पॅडवरून ओढायची. कापलेल्या कडेला तंतूंची उघडी टोकं असतात, ती शाई जास्त पितात आणि कडेला नैसर्गिक गडदपणा येतो. यानंतर फवाऱ्याने पाण्याचे दोन-तीन शिडकावे. घशातला किरमिजी रंग लाल रंगात शिरताना दिसेल. त्याला हात लावू नये. जादा पाणी तेवढं टिशूने टिपून घ्यावं.

चमक गेली पण कागद गार लागतो, ही घडवण्याची वेळ. फार ओला असेल तर फाटतो, सुकला तर ऐकत नाही. पाकळी मऊ फोमवर ठेवावी. योगा मॅटचा तुकडा चालतो, जुना माऊसपॅडही चालतो. टोकाला धातूची गोळी असलेली सळई मिळते, नसेल तर स्टीलच्या चमच्याची पाठ घ्यावी. मधून सुरुवात करून लहान वर्तुळांत दाबत जायचं. दाबाखाली तंतू एकमेकांवरून थोडे सरकतात, मधला भाग खरोखर ताणला जातो आणि पाकळी वाटीसारखी होते. गाउसने घातलेली अट आपण ताणून ओलांडली ती अशी. मग पाकळी उलटी करून फक्त कडेवर गोळी फिरवायची. कड ताणली की ती लाटा घेते. शेवटी बंद पडलेल्या बॉलपेनने देठापासून पंख्यासारख्या शिरा ओढाव्यात. त्या शोभेच्या आहेतच, शिवाय पाकळीला ताठपणा देतात. जाड कागद वापरला असेल तर ताण कमी येतो. तेव्हा देठाकडे सेंटीमीटरभर चीर देऊन दोन्ही कडा एकमेकींवर चढवून चिकटवाव्यात, म्हणजे खोलगटपणा तिथून मिळतो.

पाकळ्या वाळेपर्यंत दांडा करून घ्यावा. जास्वंदीत पुंकेसर एकत्र जुळून नळी झालेले असतात, नळीवर पिवळे परागकोश आणि टोकाला पाच लाल ठिपके. तारेभोवती पिवळसर कागदाची पट्टी गुंडाळावी, तिच्या एका कडेला आधीच बारीक कातरे मारलेले असावेत. गुंडाळल्यावर कातरे बोटाने बाहेर झुकवावेत, टोकांना पातळ फेव्हिकॉल लावून पिवळ्या रंगाने रंगवून वाळवलेल्या रव्यात बुडवावं. रव्याचा दाणा परागासारखा इतका हुबेहूब दिसतो की विकतचे तयार पुंकेसर घ्यायची गरज पडत नाही.

जोडणीला अडीच सेंटीमीटर व्यासाची जाड चकती घ्यावी आणि मधोमध भोक पाडावं. पाकळीचा देठाकडचा पाच-सहा मिलिमीटर भाग काटकोनात वळवून चिकटवायचा. घरी नीट पाहिलेली जास्वंद इथे कामाला येते. तिची प्रत्येक पाकळी एका बाजूने शेजारणीच्या वर आणि दुसऱ्या बाजूने खाली असते. म्हणून पहिल्या पाकळीची एक कड मोकळी ठेवावी आणि पाचवी पाकळी तिच्याखाली सरकवावी. एवढं पाळलं नाही तर एक पाकळी दोन्ही बाजूंनी वर आणि एक दोन्ही बाजूंनी खाली राहते. मग फूल चुकलेलं दिसतं, पण का ते पटकन कळत नाही. डिंक कमीच लावावा, कारण त्यातलं पाणीही घडवलेला आकार सैल करतं.

याच कारणाने भाद्रपद हा कागदी फुलांना अवघड महिना. थर्माकोलच्या सजावटीवर राज्याने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने बंदी घातली, तेव्हापासून गणपतीच्या मखरात कागद पुन्हा मानाने आला. पण मुळशीच्या बाजूला झुकलेल्या माणमध्ये त्या दिवसांत हवा दमट असते, कागद ओलावा ओढतो आणि पाकळ्या हळूहळू मूळच्या सपाट आकाराकडे झुकतात. त्यावर ॲक्रिलिक वार्निशचा पातळ फवारा दोन्ही बाजूंनी मारता येतो, फूल बरंच टिकतं. मात्र असं फूल नंतर लगद्यात विरघळत नाही. मला स्वतःला दुसरा मार्ग पटतो. फुलं गणपतीच्या आदल्या दिवसापर्यंत सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावीत, मखरात समईपासून दूर लावावीत आणि मान टाकलेल्या पाकळीला कोरड्या हाताने पुन्हा वळण द्यावं. विसर्जनानंतर तार ओढून काढावी आणि फूल बादलीत भिजत घालावं. दोन दिवसांनी त्याचा लगदा होतो, आणि हातकागदाचा असेल तर तो जाळीवर पसरून पुढच्या वर्षीच्या चकत्यांना पुरेसा पुठ्ठा घरीच वाळवता येतो.