पाच शतांश सेकंदांचे मोल

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचा शेतकरीपुत्र अविनाश साबळे बारावीनंतर सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत तीन हजार मीटर स्टीपलचेस त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण केली. केनियाचा अब्राहम किबिवोट ०.०५ सेकंदाने पुढे राहिला आणि अविनाशच्या वाट्याला रौप्यपदक आले.

या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्यावरील उड्या असतात. सुमारे ९१ सेंटिमीटर उंचीचा अडथळा धक्क्याने पडत नाही. दमलेल्या पायांनीच तो ओलांडावा लागतो. अशा वेळी दमासोबत स्फोटक शक्ती, म्हणजे क्षणार्धात जोर लावण्याची क्षमता, कामी येते.

ही शक्ती घाईने लाभत नाही. प्रथम बैठकांसारख्या व्यायामांनी पाय व कंबर बळकट करावी, मग उडीनंतर गुडघे वाकवून अलगद उतरणे शिकावे. त्यानंतरच उड्यांचा सराव वाढवावा. उड्या थोड्या, पण पूर्ण जोमाच्या असाव्यात. दोन सत्रांमध्ये विश्रांती हवीच, कारण स्नायू तेव्हाच सावरतात आणि बळावतात. वाढत्या वयाच्या मुलांना आरंभीच जड वजने देऊ नयेत. डाळी, कडधान्ये, दूध, शेंगदाणे यांनी युक्त शाकाहारातूनही आवश्यक प्रथिने मिळू शकतात.

२०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अविनाशने ८ मिनिटे १९.५० सेकंदांत सुवर्णपदक जिंकले. व्यापाऱ्याचे भांडवल जसे वर्षानुवर्षे साठते, तसेच खेळाडूचे बळही. मुलांकडून पदकाची अपेक्षा धरणाऱ्या पालकांनी तेवढा अवधी त्यांना द्यावा.